पाडकामवाल्याच्या भिंती

मालकांचा धंदा पाडकामाचा. शहरात जे काही जुने, वाकलेले, वारसांच्या भांडणात कुजत उभे असे, ते आडवे करण्याचे काम त्यांच्याकडे येई. आणि ते काम ते इतक्या निगुतीने करीत की शेजारच्या खिडकीतली कुंडीसुद्धा हलत नसे. इमारत मारायची तर तिला कळण्याआधी मारावी, असे ते नव्या कामगारांना सांगत. ते हे गमतीने सांगत नाहीत, हे कामगारांना पहिल्याच दिवशी उमजे. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी वरच्या मजल्याची दर्शनी भिंत काढायची, म्हणजे पेटीचे झाकण उघडावे तशी आतली खोली रस्त्याला उघडी पडते. मग त्या खोलीच्या आतल्या भिंतीवर, बरोबर मध्यावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, पहिला घाव. तिथे तडा गेला की बाकीची इमारत आपसूक ऐकते. हा क्रम मोडणाऱ्या ड्रायव्हरला मालक बघ्यांच्या देखत कानाखाली वाजवून घरी पाठवत.

असा माणूस चित्रे जमवतो म्हटल्यावर लोक हसत. पण चित्रांचा नाद मालकांना धंद्याच्याही आधीचा होता. तरुणपणी त्यांनी आपल्याच वयाच्या चार-पाच चित्रकारांचा पिच्छा धरला होता, आणि पिच्छा हाच त्याला योग्य शब्द. त्यांच्या खोल्यांवर धडकायचे, ओला रंग हुंगायचा, गेल्या वर्षीपेक्षा यंदाचे चित्र कुठे घसरले यावर हातघाईपर्यंत वाद घालायचा, आणि मग नेमके ते घसरलेले चित्रच विकत घ्यायचे. संग्रह म्हणजे उत्तम वस्तूंचा ढीग, हे मत त्यांना मान्य नव्हते. हात ओळखायचा तर तो कुठे अडखळला ते पाहिले पाहिजे, आणि ते पाहायला वर्षे द्यावी लागतात, असे त्यांचे म्हणणे. ते खोडून काढणारा त्यांना अजून भेटायचा होता. पण झाले असे की ज्यांच्या मागे ते हिंडले ते एकेक करून माणसाळले. मालकांना काय रुचते ते त्यांना कळू लागले आणि त्यांची चित्रे मालकांच्या दिवाणखान्याच्या मापाची होऊ लागली. अखेर त्यांच्यातल्या एकाने, “तुमच्या सोफ्याचा रंग कोणता आहे?” असे विचारले. मालकांनी हातातला चहा त्याच्या चित्रावर ओतला, कप जागेवर ठेवला आणि ते जिना उतरून आले. त्यानंतर त्यांनी चित्र म्हणून काही विकत घेतले नाही.

मग त्यांना भिंत मिळाली.

एका रिकाम्या केलेल्या इमारतीत, पाडकामाच्या आदल्या दिवशी, ते नेहमीप्रमाणे एकटेच खोल्या तपासत होते. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत शिरले आणि जागीच थांबले. आतल्या भिंतीवर कोळशाने, गेरूने आणि चुन्याने काढलेला एक माणूस होता आणि त्याच्या दंडाला एक कुत्रा लोंबकळत होता. माणसाने दुसऱ्या हाताने कुत्र्याचा जबडा फाडायला घेतला होता. रेषा नुसत्या काढलेल्या नव्हत्या. खिळ्याने गिलाव्यात खोल ओरबाडल्या होत्या. सही नव्हती. आणि चित्राच्या मध्यावर, माणसाच्या छातीपाशी, परातीएवढी गोल जागा कोरी सोडलेली होती.

मालकांनी काम थांबवले. कटर आणवला, भिंत चौकोनी कापली, लोखंडी चौकटीत बसवली आणि चेनपुलीने उतरवून आपल्या शेडमध्ये उभी केली. त्यांच्या थोरल्या ताई, ज्या धंद्याचे ऑफिस सांभाळत आणि साठीच्या या धिप्पाड भावाला अजूनही ‘छोट्या’ म्हणत, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

“लोक सोनं-नाणं आणतात घरी. तू विटा आणल्यास.”

“ताई, ती वीट नाही.”

“मग काय, कुत्रं? त्याला खायला कोण घालणार?”

पुढच्या काही वर्षांत अशा नऊ भिंती शेडमध्ये आल्या. दगडांनी घोडा ठेचणारी माणसे. पाण्यात एकमेकांना बुडवणाऱ्या दोन बहिणी. टेबलाशी बसून एकाच सुरीसाठी झोंबणारे कुटुंब. काही भिंती हुकल्या, कारण कुठे तपासणीला ड्रायव्हर गेला आणि ड्रायव्हरला भिंतीत फक्त भिंतच दिसली. पण नऊंवरून हात कळत होता. तो कुठे थकला, कुठे स्वतःची नक्कल करू लागला, कुठे ती नक्कल फेकून पुन्हा उभा राहिला, हे मालकांना पाठ होते. ताई त्या न पाहिलेल्या चित्रकाराला ‘तुझा तो भिंतीवाला’ म्हणत. मालकांनी त्याचा शोध मुद्दाम घेतला नाही. आपल्यामागे कोणी आहे हे कळले की माणूस वळून बघतो, आणि वळून बघणाऱ्याची चाल बिघडते, हा धडा त्यांनी एकदा घेतला होता.

कोऱ्या जागेबद्दल मात्र त्यांनी सिद्धान्त रचला होता. प्रत्येक भिंतीवर ती होती. आरंभी ती गोल आणि मोठी असे. पुढे ती अरुंद, आडवी झाली आणि तिची वरची कड कंगव्यासारखी दातेरी झाली. मालक पाहुण्यांना भिंतींसमोर उभे करून सांगत की हा हिंसेच्या गाभ्यातला मौनाचा आकार आहे; तरुणपणी कलावंताला मौन गोल आणि पूर्ण वाटते, प्रौढपणी त्याला दात फुटतात. पाहुणे मान डोलावत. ताई ट्रे घेऊन येता-जाता म्हणत, “किंवा रंग संपला असेल बिचाऱ्याचा.”

यंदा मालकांनी शेड लोकांना खुली करायचे ठरवले. वर्तमानपत्रात नऊ भिंतींचा फोटो आला. भिंतींपुढे हाताची घडी घालून मालक उभे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी कामगारांना सुट्टी होती. मालक शेडच्या मागच्या बाजूला पहारेने एक चौकट सरळ करीत होते. तेवढ्यात पुढून घणाचा आवाज आला.

हा आवाज त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता, आणि म्हणूनच पहिला क्षण त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. दुसरा घाव पडला तेव्हा ते धावले.

शेडच्या तोंडाशी, घोड्याच्या भिंतीपुढे, एक काटकुळा माणूस घण उगारून उभा होता. पस्तिशीचा असावा. गिलावा फुटून घोड्याचा पुढचा पाय खाली आला होता. मालकांनी ओरडून काही विचारले नाही. ज्या वेगात ते आले त्याच वेगात त्यांनी पहार फिरवली. ती त्या माणसाच्या उजव्या मनगटावर बसली आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. घण खाली पडला. माणूस गुडघ्यांवर आला, पण तसाच उसळून त्याने मालकांच्या पोटात डोके घातले. दोघे विटांच्या भुग्यात लोळले. मालकांनी त्याचे केस धरून डोके जमिनीवर आपटले. त्याने मालकांच्या अंगठ्याचा चावा घेतला आणि सोडलाच नाही. मालकांनी दुसऱ्या मुठीने त्याच्या कानावर एक, दोन, किती मारल्या कोण जाणे. अंगठा सुटला तेव्हा त्यावर दातांची पुरी महिरप उमटली होती.

“कोण आहेस तू?” मालक धापा टाकत म्हणाले.

तो माणूस रक्त थुंकला. “हे सगळं मी काढलंय. फोटो बघून आलो.”

मालकांची मूठ वरच्या वर राहिली. ज्याच्या हाताचा प्रत्येक चढउतार त्यांना तोंडपाठ होता, तो हात त्यांच्या गुडघ्याखाली होता आणि मनगटापासून भलत्याच दिशेला वळला होता. ते उठले. कोणी दुसरा असता तर त्याने क्षमा मागितली असती. मालकांना आधी राग आला.

“मग फोडतोस काय गाढवा? स्वतःचीच?”

“फोडत नाहीये, पुरं करतोय. तुम्ही अर्धीच पळवलीत!”

गलका ऐकून ताई ऑफिसमधून आल्या. त्यांनी एकाचा अंगठा पाहिला, दुसऱ्याचे मनगट पाहिले आणि कपाळावर हात मारला. “दोघांनाही आई-बापांनी एकेक ठेवून दिली नाही लहानपणी, त्याची ही फळं. छोट्या, गाडी काढ. दवाखान्यात न्यायचं याला.”

“थांब ताई. मुद्द्याची गोष्ट चाललीय.”

“त्याचं हाड बाहेर यायला आलंय आणि तुझा मुद्दा!”

“मी पण येत नाही,” तो माणूस जमिनीवरून म्हणाला. तो चौकटीला टेकून बसला होता आणि मोडका हात त्याने मांडीवर परक्याच्या वस्तूसारखा ठेवला होता. “आधी हे ऐकू देत त्यांना. मालक, ही मधली कोरी जागा कशाला ठेवली असेल मी?”

मालकांनी सिद्धान्त सांगितला. आरंभाचे गोल मौन, प्रौढपणीचे दातेरी मौन, सगळे नीट, क्रमाने. तो माणूस ऐकता ऐकता हसू लागला आणि हसताना मनगट हलल्यामुळे किंचाळला.

“अहो, ती घाव बसायची जागा आहे! तुमचा पहिला घाव! पुढची भिंत उतरवता, खोली उघडी पडते, मग बरोबर मध्यावर, छातीच्या उंचीला. शहरात एवढ्या शिस्तीनं कोण पाडतं? तुम्हीच ना? म्हणून मी फक्त तुमच्याच इमारतींत काढतो. खिळ्याच्या खोबणी उगाच नाहीत. घाव बसला की तडे त्या खोबणींतून पळतात आणि चित्र हलतं. एवढासा वेळ, पण हलतं! मी रस्त्यावर बघ्यांत उभा राहून बघतो. आणि कितीदा तरी काय झालं? पुढची भिंत पडली आणि आत नुसतं चौकोनी भोक! आता कळलं कोण कापून नेत होतं ते.”

“हे नंतर सुचलेलं आहे,” मालक म्हणाले. “कलावंत नंतर काहीही सांगतात. गोल जागा पुढे दातेरी का झाली, सांग बरं?”

त्या माणसाने शाबूत हाताने शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे पोकलेन उभा होता, बकेट जमिनीला टेकवून. मालकांनी बकेटचे दात पाहिले. मग शेवटच्या भिंतीवरच्या कोऱ्या जागेची वरची कड पाहिली. आरंभी त्यांच्याकडे क्रेनला टांगलेला लोखंडी गोळा होता. पुढे त्यांनी तो मोडीत काढून पोकलेन घेतला. कलावंताच्या प्रौढपणाचा जो कालखंड ते पाहुण्यांना इतक्या प्रेमाने समजावून देत, तो त्यांच्या स्वतःच्या यंत्रखरेदीचा होता. ज्याच्या मागे आपण चाललो आहोत असे त्यांना वाटले, तो सारा वेळ त्यांच्याच मागे चालत आला होता.

“म्हणजे रंग संपला नव्हता तर,” ताई पुटपुटल्या. पण कोणी हसले नाही.

मालक पोकलेनकडे गेले. “छोट्या, अरे गाडी काढ म्हटलं मी, हे धूड नव्हे,” ताई ओरडल्या. मालक केबिनमध्ये चढले. त्यांनी यंत्र चालू केले आणि सर्वांत नव्या भिंतीसमोर आणून उभे केले. ही भिंत त्यांची सर्वांत लाडकी होती: एक जाडजूड माणूस दुसऱ्याच्या छातीवर बसून त्याचा गळा आवळतो आहे, आणि दोघांच्या छात्यांमध्ये ती दातेरी कोरी जागा. हिचा नखभर रंग उडाला तेव्हा त्यांनी एका हमालाला शेडबाहेर लाथ घालून काढले होते. त्यांनी बकेट उचलली, छातीच्या उंचीला आणली, आणि दात दातेरी कडेशी जुळवले. ते हातमोजा घालावा तसे जुळले.

त्यांनी घाव घातला.

तडे कोऱ्या जागेतून निघाले आणि ओरबाडलेल्या रेषांतून दोन्ही अंगांना धावले. आवळणाऱ्याची बोटे एकेक करून सुटली. त्याचे दंड फाकले, मान मागे गेली, आणि जो खाली मरत पडला होता त्याची छाती, श्वास आत घेतल्यासारखी, वर आली. त्याचे तोंड उघडले. मालकांना शपथेवर सांगता आले असते की त्या तोंडातून आवाजही आला. मग विटा कोसळल्या, चौकट वाकली आणि शेडभर धूळ झाली.

इतकी वर्षे त्यांनी शेकडो भिंतींना पहिला घाव घातला किंवा घालायला लावला होता, आणि त्यांतल्या कितींवर असे कोणी श्वास घेतला असेल! भुकेल्या माणसापुढे ताट यावे आणि पहिल्या घासानंतर त्याला काही ऐकू येऊ नये, तसे त्यांचे झाले. त्यांनी यंत्र दुसऱ्या भिंतीकडे वळवले. ती बहिणींची होती.

“बास!” तो माणूस ओरडला.

धुळीतून तो उठून पुढे आला होता. मालकांना वाटले तो आनंदाने ओरडतो आहे. पण तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. बोटे मिटायचा प्रयत्न त्याने केला असावा. ती मिटली नव्हती. तो आला आणि बहिणींच्या भिंतीला पाठ लावून, नेमका कोऱ्या जागेवर, उभा राहिला.

“बाजूला हो,” मालक म्हणाले. “तुझंच करतोय.”

“नको. राहू देत ह्या.”

“आत्ता तू म्हणालास अर्धी आहेत!”

“तेव्हा हात होता मला! दुसरी काढता आली असती. आता ह्या आठच आहेत. अर्ध्या तर अर्ध्या.”

“मूर्खा, मला आत्ता कुठे कळलंय! इतकी वर्षं मी आंधळ्यासारखा ह्यांच्यापुढे भाषणं देत बसलो, आणि कळलं तेव्हा तू मध्ये येतोस? पुरी होऊ दे त्यांना. हो बाजूला!”

“मारा की. हात तुम्हीच मोडलात, आता बाकीचाही मोडा.”

आणि इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मालकांनी नंतर ताईंजवळही कबूल केली नाही. त्यांनी बकेट उचलली ती धमकावण्यासाठी नव्हती. त्या माणसाच्या छातीमागे त्यांना ती कोरी जागा दिसत होती, तिच्या कडा दिसत होत्या, त्यातून कोणत्या खोबणीने कोणता तडा कुठे जाईल आणि पाण्याखालचे डोके कसे वर येईल ते दिसत होते; माणूस तेवढा दिसत नव्हता. दात त्याच्या शर्टाला टेकले. वरचे बटण तुटून खाली पडले. त्याने डोळे मिटले आणि डाव्या हाताने, मागे, भिंत घट्ट धरली.

केबिनची काच फुटली. वीट मालकांच्या कपाळाला चाटून सीटवर पडली आणि तिच्यामागून दुसरी आली. ताई भुग्यातल्या विटा उचलून, वयाच्या मानाने अचूक नेमाने, सख्ख्या भावावर फेकत होत्या.

“उतर खाली! उतर, नाहीतर टाळकं फोडते! माणूस आहे तो, मेल्या! माणूस!”

रक्त डोळ्यात उतरले आणि मालकांना पुढचे सगळे तांबडे दिसू लागले. तांबड्यात एक माणूस, शर्टाला दात टेकलेला. त्यांनी लिव्हर मागे ओढले. बकेट धापकन जमिनीवर आली. यंत्र बंद झाल्यावर त्यांना ताईंचा रडका श्वास ऐकू आला. ताईंना रडताना त्यांनी वडील गेल्यानंतर ऐकले नव्हते.

खाली उतरून ते त्या माणसापाशी गेले. काही बोलायला हवे होते. इतकी वर्षे त्यांनी त्याच्याशी मनातल्या मनात एवढे वाद घातले होते, एवढी स्तुती केली होती. त्यातले एक अक्षर आता कामाचे नव्हते. त्यांनी आपला रुमाल काढला, त्याच्या मनगटाखाली एक सपाट फळी लावून तो बांधला. त्या माणसाने दात खाऊन ते होऊ दिले.

“शेडला कुलूप लावा,” तो म्हणाला. “आधी. मग दवाखाना.”

तिघे बाहेर आले. मालकांनी शेडचे जड दार ओढले आणि कुलूप कडीत घातले. मग किल्ली त्यांनी त्या माणसापुढे धरली. “तूच लाव.”

त्याला डाव्या हाताने ते जमेना. मालकांनी कुलूप धरून ठेवले आणि त्याने किल्ली फिरवली. किल्ली त्याने परत दिली नाही. ती शर्टाच्या खिशात, ज्याचे वरचे बटण तुटले होते त्याच शर्टाच्या, टाकली.

“उद्या लोक येतील,” मालक म्हणाले.

“येऊ देत. सांगा, किल्ली माझ्याकडे आहे.”

मालकांनी मान हलवली. त्यात होकार होता आणि तो खरा होता. हे नोंदवणे न्यायाचे आहे. त्यांनी त्याला आधार देऊन पुढच्या सीटवर बसवले, पट्टा लावला, मोडका हात हलू नये म्हणून मांडीवर आपला कोट गुंडाळून ठेवला. ताई मागे बसल्या. त्यांच्या मांडीवर एक वीट होती. ती त्यांनी का आणली होती, हे विचारायचे धाडस कोणाला झाले नाही.

रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला तो माणूस विव्हळे आणि मालक गाडी हळू करीत. त्याचे डोके खिडकीकडे कलंडले होते, डोळे मिटले होते. शर्टाचा खिसा प्रत्येक हिसक्यासरशी थोडासा उघडे आणि आत किल्लीचे पितळ चमके. मालकांच्या डोळ्यांपुढे बहिणी होत्या, सुरीसाठी झोंबणारे कुटुंब होते, कुत्र्याच्या जबड्यातला दंड होता; सगळे थांबून राहिलेले, श्वास कोंडून, त्यांच्या एका घावाची वाट पाहत. त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता. डावा कधी सुटला ते त्यांना कळले नाही.

“छोट्या,” मागून ताई म्हणाल्या, “दोन्ही हात स्टिअरिंगवर.”